रिटायर होऊन कुठे राहायचं? गाव कसं तपासायचं ते सांगतो

वाईला घाटावर ढोल्या गणपतीसमोर अर्धा तास बसलं की प्रत्येक पुणेकराला वाटतं की बास, आता इथेच राहायचं. मलाही वाटलं होतं. पण गाव शनिवारी-रविवारी बघून ठरवायचं नसतं, आणि आजच्या स्वतःसाठी तर नाहीच नाही. माझ्या मामाने रिटायर झाल्यावर कोकणात छान बंगला बांधला, आंबे, विहीर, सगळं, आठ वर्षं मजेत गेली आणि मग मामा गेला. मामीला गाडी येत नव्हती, बाजार चार किलोमीटर, रिक्षा बोलावली तर येणार नाहीतर नाही, शेवटी दोन वर्षांत ती पुण्यात वन बीएचकेत परत आली. त्यामुळे माझी कसोटी एकच, दोघांपैकी जो मागे राहील तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गाडी न चालवता, या गावात एकटा राहू शकेल का?

तर पहिलं काम, कार घरी ठेवा आणि स्वारगेटवरून एसटीने जा, तेही जुलैमध्ये आणि मधल्या वारी, मंगळवार वगैरे. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, बायकांना तसंही अर्धंच, म्हणजे पुढे हाच आपला प्रवास असणार आहे. स्टँडवर उतरून बघा की पायरी किती उंच आहे, बसायला बाकडं आहे का, आणि हो, टॉयलेट, हसू नका, या वयात तो पहिला प्रश्न असतो. मग तिथून जे घर बघताय तिथपर्यंत चालत जा. दूध, भाजी, मेडिकल हे दहा मिनिटांच्या आत चालत मिळालं पाहिजे आणि वाटेत चढ नको. फूटपाथ असला तर बोनस (कर्वे रोड क्रॉस करणारे आपण, आपल्याला काय सांगायचं).

दवाखान्याचं मात्र नीट बघा, इथेच लोक फसतात. गावात हॉस्पिटल आहे का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी मेडिकलवाल्याला विचारा, रात्री दोनला छातीत दुखलं तर इथली माणसं पेशंटला नेतात कुठे? तो म्हणाला साताऱ्याला किंवा थेट पुण्याला, तर मग तो रस्ता मिनिटांत मोजा, किलोमीटरमध्ये नको, कारण सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात अडकलेला माणूस किलोमीटर काय चाटणार आहे. पॅरालिसिसचा झटका आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, तेव्हा रात्री चालू असणारा सीटी स्कॅन कुठे आहे हा प्रश्न लिहूनच न्या. १०८ ची गाडी कुठे उभी असते आणि यायला किती वेळ लावते तेही विचारा. आम्ही एका गावात घर बघायला गेलो होतो तेव्हाच बायकोचा पाय मुरगळला, तर एक्सरेवाला गुरुवारी येतो म्हणे, त्या दिवशी शुक्रवार होता. ते गाव तिथेच कटाप.

अर्थात पुण्यात सगळं आहे म्हणून पुणं पास असंही नाही. धायरीच्या टोकाला संध्याकाळी सातला ॲम्ब्युलन्स बोलावून बघा. आणि नदीकाठी घर घेणार असाल तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पुराचं पाणी घरांत शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पाण्याचं बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात. लाईटचं किराणावाल्याला विचारा, त्याच्याकडे इन्व्हर्टर असेल आणि तो रोज वापरावा लागत असेल तर तेच उत्तर. पावसाचंही तसंच. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, दापोलीत तीन हजाराच्या वर, म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी आणि अंगणात शेवाळं. त्या शेवाळ्यावरून पाय घसरला की मांडीचं हाड.

माणसांचं काय? वाई विश्वकोशाचं गाव, तिथे वाचणारी-बोलणारी मंडळी भेटतील, पण लहान गावात तुम्ही दहा वर्षं तरी "ते पुण्याचे" असता. वाचनालयात एक आख्खी दुपार काढा, ज्येष्ठ नागरिक संघात नुसतं जाऊन बसा, कोणी आपणहून चहा विचारतंय का बघा. डबा देणारं कोणी आहे का आणि कामाला मावशी मिळतात का हेही तिथेच कळतं.

हे सगळं जमलं तरी लगेच विकत घेऊ नका, प्लॉट तर अजिबातच नको, एनए (बिनशेती) आहे म्हणतात आणि सातबाऱ्यावर भलतंच असतं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून भाड्याने राहा, त्यात एक आख्खा पावसाळा आला पाहिजे आणि पुण्याचा फ्लॅट तोपर्यंत विकायचा नाही.

आणि एक, नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदावर लिहा की कुठे राहायचं आणि का. आम्ही लिहिलं. माझ्या कागदावर वाई, हिच्या कागदावर वाईचं नावसुद्धा नाही, तळेगाव, कारण लोकल आहे, बहीण चिंचवडला आहे आणि "घाट तुला आवडतो, मला पायऱ्या उतरता येत नाहीत". जूनपासून तळेगावात भाड्याने जातोय, तळमजला.