तंबोरा ऐकू येतो का? शास्त्रीय संगीतासाठी हेडफोन घेताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या सोसायटीतले एक काका नवा हेडफोन घेऊन घरी आले. "अरे, ऐकू सगळं येतं, पण गाणं लागत नाही बघ," म्हणाले. मी त्यांना एकच विचारलं, "काका, यात तंबोरा ऐकू येतो का?" त्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. गवई होता, पेटी होती, डग्गा तर भिंतीवर धपके मारल्यासारखा येत होता. तंबोरा मात्र मागे कुठेतरी भुणभुणत होता. माशी असावी तसा.

हेडफोन निवडायची माझी कसोटी तेव्हापासून पक्की झाली आहे. आधी तंबोरा, मग बाकी सगळं. गाणं सुरू होण्याआधी नुसता तंबोरा वाजत असतो, ती पंधरा-वीस सेकंदं हेडफोनची खरी परीक्षा घेतात. ती का, हे समजलं की पुढच्या चुका आपोआप टळतात.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर (सेकंदाला तेवढी कंपनं) असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. बाईंची पट्टी काळी चार असेल तर खर्ज 104 च्या जवळ जातो. पण तार छेडली की फक्त तो एक स्वर निघत नाही. घोडीवरची जवारी (तार जिथे टेकते तो घासून बसवलेला पृष्ठभाग) आणि तारेखालचा सुताचा धागा नीट लागला असेल, तर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर एकामागून एक उमलतात. त्यातला पाचपटीचा म्हणजे गंधार. कुणी वाजवत नसताना वाजणारा, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. काळी एकच्या खर्जातून तो 346 हर्ट्झच्या जवळपास येतो. हेडफोनमध्ये हा गंधार स्वच्छ ऐकू आला, तारेचा झणत्कार वरपर्यंत उलगडत गेला आणि खाली खर्ज जमिनीसारखा स्थिर राहिला, तर त्या हेडफोनचा तळ, मध्य आणि वरची बाजू तिन्ही ताळ्यावर आहेत, असं खुशाल समजावं.

एक गंमत लक्षात ठेवा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 69 हर्ट्झ जवळपास निघतच नाहीत, तरी खर्ज आपल्याला कळतो, कारण उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. म्हणून "खर्ज कळतोय" एवढ्यावर समाधान मानू नका. तो कळण्यात आणि अंगाला लागण्यात फार अंतर आहे.

जोराचा बेस म्हणजे चांगला आवाज, हा समज

सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात. दुकानात हातात येणारे बहुतेक हेडफोन ठोक्याच्या गाण्यांसाठी बनवलेले असतात. त्यांचा खालचा भाग मुद्दाम फुगवलेला असतो. सिनेमाच्या गाण्यात तो सुखावतो. ख्यालात तोच फुगवटा 200-300 हर्ट्झपर्यंत सांडतो आणि नेमक्या त्याच भागात गवयाच्या आवाजाचा गाभा, पेटीचा मध्य आणि डग्ग्याची घुमक असते. डग्ग्यावर तळवा घासून काढलेली मींड अशा हेडफोनमध्ये एकच गोळा होऊन येते. कुठून निघाली, कुठे पोचली, काही कळत नाही.

घेऊन झालाच असेल तर लगेच टाकून देऊ नका. आधी फोनमधला आणि हेडफोनच्या अ‍ॅपमधला बेस बूस्ट बंद करा. मग इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये) 200-250 हर्ट्झची पट्टी तीन-चार डेसिबल खाली आणा. बऱ्याचदा एवढ्यानेच गायकाच्या तोंडावरची गोधडी बाजूला होते. उलटा दोषही असतो. काही हेडफोन सहा ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास टोचतात. तबल्याची चाट (काठावरचा बोल) कानात सुईसारखी जाते आणि तासाभरात डोकं धरतं. तिथेही तेवढाच भाग हलका करा.

खोक्यावरचे आकडे वाचून निवड करणं

"20 ते 20,000 हर्ट्झ" हे जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं. माणसाच्या कानाची ढोबळ मर्यादाही तीच आहे. पण त्या पट्ट्यात कुठे किती चढउतार आहे हे लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. ड्रायव्हर, म्हणजे हेडफोनमधला छोटा स्पीकर, 40 मिलिमीटरचा की 50 चा, यावरूनही आवाज ठरत नाही.

खरोखर पाहायचा आकडा ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अवरोधाचा. वायरचा हेडफोन थेट फोनला लावणार असाल तर साधारण 16 ते 50 ओहममधला घ्या. सेनहायझरचा एचडी 600 शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांमध्ये फार वाखाणला जातो आणि ते योग्यच आहे. पण तो 300 ओहमचा आहे. साध्या फोनवर त्याचा आवाज दबका येतो आणि माणूस हेडफोनला बोल लावतो. त्याला अँप्लिफायर हवा. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो तर 32, 80 आणि 250 ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो. ऑनलाइन मागवताना नाव तेच दिसलं म्हणून 250 वाला मागवला आणि फोनला लावला, तर पस्तावायची वेळ येते. ओहमच्या शेजारी सेन्सिटिव्हिटीही (तेवढ्याच ताकदीत हेडफोन किती मोठा वाजतो ते) बघा. ओहम कमी असूनही जास्त ताकद मागणारे हेडफोन असतात.

कुठे बसून ऐकणार, हे न ठरवणं

उघड्या पाठीचे हेडफोन गाण्याला मोकळी हवा देतात. आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला बसून जे गाणं ऐकलं, त्याचा मोकळेपणा हवा असेल तर हाच प्रकार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यातून बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. गंगापूर रोडला आतल्या गल्लीत, रात्री दहानंतर, पंखा मंद करून ऐकणाऱ्यासाठी ते उत्तम. द्वारका चौकाजवळ रस्त्याला लागून घर असेल, तर त्यांचा उपयोग नाही. तिथे बंद पाठीचा घ्या.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. गाडीची घरघर नेमकी खालच्या स्वरांवर बसते आणि खर्ज झाकून टाकते. माणूस आवाज वाढवत जातो. अशा वेळी नॉइज कॅन्सलिंग घ्यावं. ते तंबोरा खाऊन टाकतं, असं मी अनेकांकडून ऐकलं. तसं नसतं. ते बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लाट सोडतं आणि घरघरीसारख्या सलग, खालच्या आवाजावर सगळ्यांत चांगलं चालतं. चहावाल्याची हाक ते पुरती थांबवत नाही. मात्र काही हेडफोनचा सूर ते चालू केल्यावर बदलतो, म्हणून शांत खोलीत ते बंद ठेवून ऐका. आणि कसारा घाटात नेटवर्क जातं, म्हणून गाणं आदल्या रात्रीच चांगल्या दर्जात उतरवून ठेवा. मोबाइल डेटावर बरीच अ‍ॅप्स दर्जा गुपचूप खाली आणतात. सेटिंगमध्ये जाऊन तो स्वतः ठरवा.

दुकानात दोन मिनिटांत निर्णय घेणं

महात्मा गांधी रोडवरच्या गजबजलेल्या दुकानात विक्रेता स्वतःच्या फोनवर स्वतःचं गाणं लावतो, तेही मोठ्या आवाजात. माझा पहिला महागडा हेडफोन मी तसाच घेतला होता आणि घरी येऊन मारवा राग लावल्यावर फार वाईट वाटलं. दोन हेडफोनमध्ये जो जरा मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. दोघांचा आवाज सारखा करून मगच तुलना करा. आपल्या फोनमध्ये तीन गोष्टी घेऊन जा: नुसता तंबोरा, शंभर वेळा ऐकलेला एक विलंबित ख्याल आणि सतारीचा किंवा सरोदचा झाला (शेवटचा जलद भाग). झाल्यात चिकारीच्या (बाजूच्या, लयीसाठी छेडायच्या) तारा वेगळ्या ऐकू यायला हव्यात, त्यांचा चुरा होता कामा नये. निदान पंधरा मिनिटं घालून बसा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. काडीमुळे गादी कानाभोवती नीट टेकत नाही आणि खर्ज निसटतो.

जुन्या तबकड्यांचा दोष हेडफोनवर ढकलणं

थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात राहिले. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. नाशिककराच्या घरात त्यांच्या जेमतेम तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकल्या जाणारच. त्या ऐकताना "आवाज पातळ येतो, खरखर येते" म्हणून हेडफोन परत करू नका. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं थोडं आणि खरखर जास्त असते. वरचा भाग थोडा उतरवा आणि फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. खरखर बरीच निवते. खरखर पूर्ण पुसलेल्या आवृत्त्या मात्र मी टाळतो. त्यांत खरखरीबरोबर गवयाचा श्वास आणि तंबोऱ्याची धारही पुसलेली असते.

बिघाड हेडफोनमध्ये नसतोच, तेव्हा

काकांच्या बाबतीत अर्धा दोष सेटिंगचा निघाला. कानात घालायच्या इअरफोनची तक्रार असेल, तर आधी रबरी टोप्या बदलून बघा. खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेकजण लावलेली मध्यम कधी काढतच नाहीत. टोपी सैल असली की खर्ज आणि डग्गा दोन्ही गायब. दोन्ही कानांना वेगळ्या मापाच्या टोप्या लागणंही अगदी साधं आहे.

गायकच गायब झाला, मागची घुमार तेवढी उरली, तर पिन पूर्ण आत गेलेली नाही किंवा तिच्यातली अर्थिंगची (दोन्ही बाजूंची सामाईक) तार तुटली आहे. अशा वेळी डाव्या-उजव्या बाजूंतला फरकच काय तो ऐकू येतो आणि मधोमध बसलेला गवई पुसला जातो. पिन दाबून बसवा. खिशातली बारीक धूळ साचलेली असेल तर फोनचं भोक साफ करा.

एक बाजू हळू येते? जाळीवर कानातला मळ बसला असेल. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी लावू नका. मग फोनमधली डावी-उजवी पट्टी मध्यावर आहे का ते बघा. काही जुन्या स्टीरिओ मुद्रणांत तबला एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात टाकलेलं असतं, तो बिघाड नव्हे. तिथेही मोनो केलं की जीव शांत होतो.

ब्लूटूथवर आवाज अचानक टेलिफोनसारखा डबा झाला, तर फोन किंवा लॅपटॉप कॉलच्या अवस्थेत गेलेला असतो. मायक्रोफोन चालू झाला की ब्लूटूथ संगीताचा दर्जा सोडून बोलण्यापुरता आवाज पाठवतं. मागे उघडी राहिलेली मीटिंग बंद करा. एसबीसी, एएसी, एलडॅक या ब्लूटूथने आवाज पाठवण्याच्या पद्धतींच्या फरकाची फार चिंता करू नका. आयफोनमध्ये एलडॅक चालतच नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. थ्रीडी, सराउंड, कॉन्सर्ट हॉल असली बटणं मात्र कायमची बंद करा. तंबोऱ्याचे उपस्वर त्यात विस्कटतात.

आवाज आलापात ठरवणं

ही चूक कानाला महागात पडते. आलाप हळू असतो म्हणून आपण आवाज चढवतो आणि पाऊण तासाने द्रुत आणि तराणा त्याच पातळीवर कानावर आदळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 83 ला 20 तास आणि 86 ला 10. मुद्रणातला सगळ्यांत जोरकस भाग आधी लावा, तो सुखकर वाटेल तिथे आवाज थांबवा आणि मग सुरुवातीला या. तंबोरा मंद वाटेल. दोन मिनिटं थांबा, कान त्याच्यापाशी जातो. तरीही तो हातात येत नसेल, तर आवाज न वाढवता पंखा बंद करा आणि खिडकी लावून घ्या.