धुरातला गंधक जमिनीत मुरतो तेव्हा: पेरणीपूर्व सल्ला

शेत कोळशावरच्या वीजकेंद्राच्या किंवा धातूच्या भट्टीच्या धुराच्या वाटेवर असेल, तर पिकाबरोबर जमीनही धुरातला सल्फर डायऑक्साइड (गंधकाचा वायू) ओढून घेते. वाफशावरची (पेरणीजोगी ओल असलेली), चुनखडीयुक्त जमीन तो चांगला शोषते. कोरडी, आम्लधर्मी जमीन कमी. मातीतल्या ओलाव्यात विरघळून त्याचे आधी सल्फाइट आणि मग सल्फेट होते. सल्फेट हे पिकाचे अन्नच, पण सोबत आम्लही तयार होते.

१ किलो गंधकाचे आम्ल मारायला सुमारे ३.१ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीतला मुख्य घटक) लागते. हेक्टरी १० किलो गंधक आला, तर ३१ किलो. उलट अमोनियम सल्फेटची ५० किलोची एकच गोणी इतके आम्ल करते की ते मारायला सुमारे ५५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. त्यामुळे सामू (pH; तो जितका कमी, तितकी जमीन आम्लधर्मी) घसरला की धुराड्याकडे बोट दाखवण्याआधी खतांची वही उघडावी.

मातीचे नमुने काढणीनंतर, खत-चुना टाकण्याआधी घ्या. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी हे थर वेगळे ठेवा. सल्फेट पाण्याबरोबर खाली उतरते; हलक्या जमिनीत वर कमतरता आणि खाली साठा सापडतो, आणि फक्त वरचा नमुना पाहिला तर गंधकाचे खत उगाच पडते. तुलनेसाठी धुरापासून लांबचा, त्याच प्रकारच्या मातीचा नमुनाही हवा.

सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळलेल्या ॲल्युमिनियममुळे मुळे आखूड, जाड होतात. चुन्याची मात्रा नुसत्या सामूवरून ठरवू नका, प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्या: त्याच सामूला भारी जमीन हलकीपेक्षा बरीच जास्त मागते. बारीक चुना पेरणीच्या काही आठवडे आधी वरच्या १५ सेंमीत मिसळा. युरिया किंवा अमोनियमयुक्त खत त्याच्यासोबत टाकलेत तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. जिप्समने सामू वाढत नाही. मातीवर सौम्य आम्ल टाकल्यावर फेस आला, तर चुना नकोच.

धुराने पानांवर झालेली इजा मात्र चुन्याने भरून येत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग हस्तिदंती पांढरा पडतो. लसूणघास, पालक, घेवडा यांवर हे लवकर दिसते.

धुराड्याला गंधक काढणारी यंत्रणा बसली की हा फुकटचा पुरवठा आटतो. तेलबिया व कडधान्यांत कोवळी पाने आधी पिवळी पडली तर गंधकाची कमतरता तपासा. नत्र कमी असेल तर जुनी पाने आधी पिवळी होतात.