नॅसवरचं पार्टिशन उडवताना: वरून खाली, एकेक थर

साध्या संगणकावर एक पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) म्हणजे बहुतेक वेळा एक ड्राइव्ह. नॅसवर (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या यंत्रावर) मात्र पार्टिशन हा तळाचा थर असतो. त्याच्यावर रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी), रेडवर बऱ्याचदा एलव्हीएम (जागेची लवचिक वाटणी करणारा थर), त्यावर फाइल सिस्टिम आणि सगळ्यात वर लोक उघडतात तो शेअर. म्हणून काढायला सुरुवात शेअरपासून करायची आणि पार्टिशनला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

नॅसला स्वतःचं वेब पॅनेल असेल तर काम तिथूनच करा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर स्टोरेज मॅनेजरमध्ये आधी व्हॉल्यूम, मग स्टोरेज पूल (डिस्कचा एकत्रित साठा) काढा. ट्रूनॅस या नॅस-प्रणालीवर पूल एक्स्पोर्ट (यंत्रणेपासून वेगळा) करताना डेटा नष्ट करण्याचा चौकोन वेगळा असतो. तो न टिचकवता एक्स्पोर्ट केलं तर पूल डिस्कवर शाबूत राहतो आणि पुन्हा इम्पोर्ट करता येतो, त्यामुळे काय हवं आहे ते आधी ठरवा. सिनॉलॉजीच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, दुसरं स्वॅपचं (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) आणि डेटा त्यांच्यानंतर असतो. ही छोटी पार्टिशनं ‘उगाच जागा अडवतात’ म्हणून चालू मशीनवर उडवू नका.

इथून पुढचं साध्या लिनक्स सर्व्हरसाठी, रूट अधिकारांनी.

डिस्क ओळखणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे. लिनक्स डिस्कना देतो ती एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. रीबूट झाल्यावर किंवा नवी डिस्क लावल्यावर ती बदलू शकतात. एलएसबीएलके कमांडला नाव, आकार, मॉडेल, सिरियल नंबर, फाइल सिस्टिम आणि माउंट पॉइंट हे रकाने मागा आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. एकाच मॉडेलच्या चार डिस्क असतील तर आकार आणि मॉडेल काहीच सांगत नाहीत, सिरियल नंबर हीच खूण. पुढच्या कमांडमध्येही शक्यतो डिस्क-बाय-आयडी फोल्डरमधलं नाव वापरा.

मग रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल वाचा. चौकटी कंसात सगळीकडे ‘यू’ असेल तर रेड धडधाकट आहे. एखाद्या जागी अधोरेखा दिसली तर एक सदस्य आधीच गळालेला आहे, आणि एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रेड ५ मध्ये अशा वेळी आणखी एक पार्टिशन काढलं की सगळा डेटा जातो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या यंत्रावर हवा, आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहिलेल्या हव्यात. पार्टिशन टेबलचीही (कुठलं पार्टिशन कुठे आहे त्या नोंदींची) प्रत एसजीडिस्क या साधनाच्या बॅकअप पर्यायाने काढा. ती काही केबींची असते, पण ती त्याच नॅसवर ठेवू नका.

आता थर उतरवायचे. सांबा आणि एनएफएस या शेअर पुरवणाऱ्या सेवांमधून तो शेअर काढा, आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून डिस्क म्हणून दिलेली जागा) असेल तर तेही बंद करा, मग अनमाउंट. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर एफयूझर किंवा एलएसओएफने कोण अडून बसलंय ते शोधा. बहुतेक वेळा कुणाचं तरी टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं असतं. लेझी अनमाउंटचा आडमार्ग घेऊ नका: माउंट दिसेनासा होतो, पण उघड्या फाइलींवर लिहिणं चालूच राहतं. स्वॅप असेल तर स्वॅपऑफ. एलव्हीएम असेल तर एलव्हीरिमूव्ह, व्हीजीरिमूव्ह, पीव्हीरिमूव्ह, याच क्रमाने.

रेडचं पूर्ण विसर्जन करायचं असेल तर एमडीएडीएम या रेडच्या कमांडने ॲरे (रेडचा डिस्क-गट) थांबवा. चालू ॲरेतून एकच सदस्य काढायचा असेल तर आधी त्याला ‘फेल’ आणि मग ‘रिमूव्ह’ करा. दोन्ही बाबतीत, काढलेल्या सदस्य पार्टिशनवर झिरो-सुपरब्लॉक चालवा, म्हणजे त्यावरची रेडची ओळख-नोंद (सुपरब्लॉक) पुसली जाते. हे पार्टिशन उडवण्याआधीच करायचं. कारण टेबलमधली नोंद गेली तरी सुपरब्लॉक डिस्कवर तसाच राहतो, आणि पुढे कधी त्याच सेक्टरपासून नवं पार्टिशन केलं की जुना ॲरे पुन्हा उभा राहायला बघतो. यानंतर त्या पार्टिशनवरच्या उरलेल्या खुणा पुसायला वाइपएफएस. पर्यायाशिवाय चालवली तर ती फक्त खुणा दाखवते, पुसत नाही, म्हणून आधी तशीच चालवून यादी नीट वाचा.

आता प्रत्यक्ष पार्टिशन काढायचं. एफडिस्कमध्ये केलेले बदल ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर जात नाहीत; शंका आली तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडा. पार्टेड हे दुसरं साधन मात्र प्रत्येक हुकूम लगेच लिहून टाकतो. या कामाला एफडिस्कच बरा. एमबीआर या जुन्या पद्धतीचं टेबल असलेल्या डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन (इतर पार्टिशनं पोटात घेणारं) काढलं तर आतली सगळी लॉजिकल पार्टिशनं जातात, आणि पाच क्रमांकाचं लॉजिकल काढलं की सहा क्रमांकाचं पाच क्रमांकाचं होतं. जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलमध्ये क्रमांक सरकत नाहीत.

अख्खी डिस्क मोकळी करायची असेल तर सुरुवातीची एक एमबी शून्यांनी भरून भागत नाही. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या चार लेबलांपैकी दोनही शेवटीच. एसजीडिस्कचा झॅप-ऑल जीपीटीच्या दोन्ही प्रती पुसतो. झेडएफएससाठी त्याआधी झेडपूल लेबलक्लिअर चालवा.

एफएसटॅबमधली (बूटला काय माउंट करायचं त्या यादीतली) ओळ काढायला विसरू नका. ती राहिली आणि तिच्यात ‘नोफेल’ नसेल तर सिस्टिमडी असलेला सर्व्हर पुढच्या बूटला इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन अडकतो, आणि नॅसला स्क्रीन जोडलेली नसते. ॲरे पूर्ण काढला असेल तर एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमधली त्याची ओळही काढा आणि डेबियन-उबुंटूवर इनिट्रामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने तयार करा.

चुकीचं पार्टिशन उडालं तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका, रीबूट करू नका, पार्टप्रोब (कर्नलला टेबल पुन्हा वाचायला लावणारी कमांड) चालवू नका. ते वापरात असेल तर कर्नलकडे जुनी रचना अजून असू शकते: सिस-ब्लॉक फोल्डरमध्ये त्या पार्टिशनच्या ‘स्टार्ट’ आणि ‘साइझ’ फाइलींत ५१२ बाइटच्या सेक्टरांमध्ये आकडे मिळतात. ते लिहून ठेवा. त्याच सुरुवातीपासून, त्याच लांबीचं पार्टिशन पुन्हा करा, फॉरमॅट करू नका, जुनी खूण पुसायची का असं एफडिस्कने विचारलं तर नाही म्हणा. काढून ठेवलेली टेबलची प्रत असेल तर एसजीडिस्कने तीच परत लावा.

पार्टिशन काढल्याने डेटा पुसला जात नाही. डिस्क दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने साडेसात तासांच्या आसपास लागतात. एसएसडीचे राखीव ब्लॉक ओव्हरराइटच्या आवाक्यात येत नाहीत, तिथे ड्राइव्हचाच सिक्युअर इरेज वापरा.