मामा तलाव: मृगाआधीची आणि रोवणीपर्यंतची कामे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या धान उत्पादकांसाठी मृगाच्या तोंडावरचे हे आठ-दहा दिवस मोलाचे आहेत. पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जागा नांगरून झाली, बियाणे घरात आले, की आपण आभाळाकडे बघत बसतो. त्यातली एक संध्याकाळ गावच्या मामा तलावासाठी, म्हणजे माजी मालगुजारी तलावासाठी, काढा. शेतकरी, ढिवर (मासेमार) बांधव, गावातल्या बाया, सगळ्यांनी पाळीवर (तलावाच्या बांधावर) बसून एकच गोष्ट पक्की करा: यंदा तलावात शेवटचे किती पाणी राखायचे.

हे जूनमध्येच ठरवायला हवे. परतीचा पाऊस दगा देतो, धान निसवायला (लोंबी बाहेर पडायला) आलेले असते, तेव्हा तुडुम (तलावाचे पाणी सोडायचे दार) बंद करा म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि त्यात शेतकऱ्याची चूकही नसते. आज मात्र तलावाचे पोट उघडे आहे, सर्वांत खोल डोह डोळ्यांना दिसतो. त्या डोहात पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी कमरेइतके पाणी उरेल, असा अंदाज धरून तुडुमाच्या दगडावर रंगाची ठळक रेघ ओढा. पाणी रेघेला टेकले की मोटार लावायची नाही. हा ठराव ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या. १९५१ मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ-पाट राखण्याची गावाची सवय हळूहळू सुटली. तलावावरचे गावाचे हक्क निस्तार पत्रकात नोंदलेले असतात. तो कागद तलाठ्याकडून काढून एकदा सर्वांसमोर वाचा.

डोह राखण्यात ढिवरांइतकाच गावाचाही फायदा आहे. रोहू, कतला, मृगळ तलावाच्या साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. मरळ, मागूर, शिंगी हे आपले मासे मात्र डोहात उन्हाळा काढतात आणि पाऊस पडला की काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात स्वतःच अंडी घालतात. नर-मादी जगली, तर बीज फुकट.

गाळ काढायचा असेल तर तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची, परवानगी आधी घ्या. काढायचा तो फक्त काळा, मऊ गाळ. खाली मुरूम किंवा वाळू लागली की यंत्र थांबवा, कारण पाणी धरून ठेवणारा थर फुटला तर भरलेला तलावही झिरपून रिकामा होतो. पाळीच्या पायथ्याशी खोदू नका. तलाव ताटासारखा सपाटही करू नका. डोह खोल राहू द्या, काठ उथळ. गाळ हलक्या, मुरमाड शेतात टाका. भारी जमिनीत आधीच निचरा कमी असतो, तिथे त्याचा उपयोग नाही.

आता बेशरम, ही तलावात माजणारी झुडपी वनस्पती. नुसती कापून ती जात नाही, उलट कापलेला तुकडा ओल्या मातीत पडला की मूळ धरतो. पहिल्या सरीने माती भिजली की मुळासकट उपटा आणि तलाव भरल्यावर पाणी जिथवर चढते त्याच्याही वर ढीग घालून वाळवा. रिकाम्या झालेल्या जागेत पाणवनस्पती लावा. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर येते, हे रोज पाण्यात उतरणाऱ्या ढिवर बायांना नेमके ठाऊक असते. त्यांना विचारूनच दुसऱ्या तलावातून मुळासह रोपे आणा. अशा तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडू नका, तो लावलेले सगळे खाऊन टाकतो. परदेशी थाई मागुराला तर देशात बंदीच आहे. स्वस्त बीज म्हणून कोणी दारात आणले तरी घेऊ नका.

पहिला मोठा पूर आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्यावर जाळी, कुंपणे लावू नका. एका रात्रीची पाटीभर मासळी म्हणजे गाभोळी भरलेल्या माद्या असतात. पुढे रोवणीच्या सुमारास काठच्या पाण्यात तांबूस, वळवळणारा पिल्लांचा पुंजका दिसेल. ती मरळीची पिल्ले. त्यांच्या आई-बापांची जोडी खालीच राखण करत असते. ती पकडली तर पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

बांधीत (धानाच्या खाचरात) तणनाशक किंवा कीटकनाशक मारल्यावर पाणी लगेच तलावाकडे सोडू नका. धुऱ्याची (बांधाची) भोके आधी बुजवून पाणी काही दिवस बांधीतच अडवा. सायपरमेथ्रिन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही औषधे माशांसाठी फार घातक आहेत. फवारणीचा पंप तलावात धुण्याची सवय आजच मोडा.

गोंदियाकडच्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक. रोवणीनंतर बांधीत किंवा तलावाच्या काठावर गवताचा मोठा ढीग आणि त्यावर बहुधा दोन अंडी दिसली, तर ते सारसाचे घरटे. पिल्ले बाहेर यायला साधारण महिना लागतो. तोवर घरट्याभोवतीचे निंदण मागे ठेवा, बांधीतले पाणी एकदम वाढवू किंवा उतरवू नका, कुत्री दूर ठेवा आणि वनरक्षकाला कळवा.