लेन्स बदलल्यावर बॅक फोकस कसा जुळवावा

लग्नाच्या हॉलमध्ये पूर्ण टेलीला (झूमच्या सर्वांत जवळ दाखवणाऱ्या टोकाला) जाऊन नवरीच्या चेहऱ्यावर फोकस केला, चित्र लख्ख. तिथूनच झूम आउट करून मांडव घेतला आणि सगळंच मऊ पडलं. फोकस रिंग कितीही फिरवा, वाइडला (झूमच्या सर्वांत रुंद दाखवणाऱ्या टोकाला) धार येतच नाही. अशा वेळी लेन्सच्या नावाने बोटं मोडली जातात. पण बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो बॅक फोकस, म्हणजे लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांच्यातल्या अंतराचा हिशेब.

2/3 इंची सेन्सरच्या व्यावसायिक कॅमकॉर्डरना बी4 माउंट असतो. त्यात हे अंतर 48 मिमी ठरलेलं आहे. तरीही प्रत्येक कॅमेऱ्यात आणि प्रत्येक लेन्समध्ये थोडा फरक राहतोच. हा सेन्सर सुमारे 9.6 मिमी रुंद असतो आणि एचडीत त्यावर 1920 बिंदू बसवायचे, म्हणजे एक बिंदू जेमतेम 5 मायक्रॉनचा. लेन्सचं छिद्र एफ/2 इतकं मोठं उघडं असेल तर 10 मायक्रॉनची चूकही दिसू लागते. आपण सहज ‘केसभर’ म्हणतो, पण माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

मग ही चूक टेलीला का दिसत नाही? 16×8 लेन्स घ्या, म्हणजे फोकल लेंग्थ 8 ते 128 मिमी. 3 मीटरवरच्या वस्तूसाठी 128 मिमीला प्रतिमा अनंतावरच्या (खूप दूरच्या) वस्तूच्या तुलनेत जवळजवळ साडेपाच मिमी सरकते, 8 मिमीला मात्र फक्त 0.02 मिमी. त्यामुळे टेलीला फोकस रिंग जराशी फिरवली की माउंटची चूक झाकली जाते. वाइडला त्याच रिंगचा जोर 256 पट कमी पडतो आणि चूक उघडी पडते. खालची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी लेन्स नीट बसवा. कॅमेरा बंद करा. माउंटच्या कडेवर आणि लेन्सच्या पाठीवर धूळ नाही ना ते पाहा, ब्लोअर मारा. लेन्सची पिन माउंटच्या खाचेत बसवा आणि लेन्सचं वजन एका हाताने पेलूनच लॉकचा खटका घट्ट करा. हात सोडून खटका फिरवला तर लेन्स किंचित तिरकी बसते आणि मग चित्राची एक बाजू मऊ राहते. शेवटी 12 पिनांची केबल जोडा.

आता चार्ट. काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचा सीमेन्स स्टार ए3 कागदावर छापा आणि भिंतीवर सपाट चिकटवा. ए4 चालतो, पण 8 मिमीला 3 मीटरवर चौकट 3.6 मीटर रुंद दिसते, त्यात ए4 अगदीच बारीक होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, चार्टपासून सुमारे 3 मीटरवर, चार्टच्याच उंचीला.

आयरिस (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) मॅन्युअलवर घेऊन पूर्ण उघडा. हे विसरलात तर बाकी सगळं वाया: ऑटोवर आयरिस मिटतं, डेप्थ (किती खोलीपर्यंत चित्र धारदार दिसतं ते) वाढते आणि चूक लपून बसते. चित्र जळत असेल तर खोलीतले दिवे कमी करा, एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लावा किंवा शटर स्पीड वाढवा. गेन 0 डीबी. 2एक्स एक्स्टेंडर (चित्र दुप्पट मोठं करणारा भाग) काढलेला हवा आणि मॅक्रो (अगदी जवळच्या वस्तूंचा फोकस) बंद. व्ह्यूफाइंडरचा डायोप्टर (नजरेनुसार जुळवायची भिंग) आपल्या डोळ्याला आधीच लावून घ्या, शक्य असेल तर मोठा मॉनिटर जोडा. एक्स्पांडेड फोकस (चित्राचा मधला भाग मोठा करून दाखवणारी सोय) असेल तर तो वापराच. वाइडला ए3 चार्टही चौकटीच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरतो, नुसत्या पीकिंगवर (धारदार कडा उठावदार दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका.

लेन्सच्या मागच्या टोकाला ‘एफ.एफ.’ किंवा ‘एफ.बी.’ लिहिलेली बॅक फोकसची रिंग असते, तिचा स्क्रू सैल करा. पूर्ण टेलीला जा आणि पुढच्या फोकस रिंगने स्टार धारदार करा. मग फोकस रिंगला हात न लावता पूर्ण वाइडला या आणि फक्त एफ.एफ. रिंग फिरवा. स्टारच्या मध्यभागी जो करडा धूसर गोल दिसतो, तो सर्वांत लहान होईल तिथे थांबा. पुन्हा टेली, पुन्हा वाइड. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही टोकांना काही हलवावं लागत नाही, तेव्हा जमलं. स्क्रू आवळताना रिंग सरकते, म्हणून आवळल्यावर एकदा तपासाच.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वाइडला असताना सवयीने फोकस रिंग फिरवणं. मग कितीही फेऱ्या मारा, उत्तर सापडत नाही.

एफ.एफ. रिंग टोकाला जाऊन अडली आणि तरी धार येत नसेल, तर लेन्स पूर्ण बसलेली नाही किंवा माउंट सर्व्हिसला द्यायला हवा. दोन्ही टोकं लख्ख पण झूमच्या मध्येच मऊ पडत असेल तर दोष लेन्सच्या आतला आहे, रिंगने जाणार नाही. स्टिल फोटोग्राफीच्या झूम लेन्स अडॅप्टरने लावल्या असतील तर या खटाटोपात पडूच नका. त्यातल्या बहुतेक झूम करताना फोकस धरून ठेवायला बनवलेल्याच नसतात. सोनी पीएमडब्ल्यू-ईएक्स3 सारख्या अर्धा इंची कॅमेऱ्यात सोबतच्या लेन्ससाठी मेन्यूतच ऑटो एफबी अ‍ॅडजस्ट (बॅक फोकस आपोआप जुळवणं) आहे, चार्ट मात्र तिथेही लागतो.

लेन्स बदलली, भाड्याची आणली, गाडीत आदळत आली, एसी हॉलमधून एप्रिलच्या उन्हात नेली, की पुन्हा तपासणी. रोज त्याच जोडीवर काम असेल तर एफ.एफ. रिंगवर पांढरी टेप लावून कॅमेऱ्याचा नंबर आणि बारीक रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ हललेली दिसली, तर चार्ट काढायचा.