छोट्या जागेतील रॉक मैफल : या चुका टाळा

पणजी, म्हापसा किंवा मडगावात पन्नास-साठ श्रोते मावतील अशा जागेत बँड स्वतःची गाणी वाजवतो, तेव्हा श्रोत्यांची पहिली तक्रार बहुधा गायकाचे शब्द कळले नाहीत ही असते, आणि त्यावर उपाय म्हणून स्पीकरचा आवाज वाढवला जातो. चूक नेमकी इथे होते. लहान खोलीत ड्रमचा आवाज माइकशिवायच भरून उरतो, म्हणून साउंडचेक (मैफलीआधीची आवाजाची चाचणी) करताना आधी ड्रम, मग त्यावर गायकाचा आवाज आणि तो स्वच्छ ऐकू येईल इतपतच गिटार व बास, हा क्रम ठेवावा. मराठीत रॉक गाणाऱ्यांना मी हे आग्रहाने सांगतो, कारण गाजलेले इंग्रजी गाणे श्रोत्यांना पाठ असते, पण आपले नवे गाणे ते प्रथमच ऐकत असतात.

गिटारवादक अँप (गिटारचा आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी) जमिनीवर ठेवतो आणि स्वतः त्याच्यासमोर उभा राहतो. वरच्या पट्टीतील ध्वनी सरळ रेषेत जात असल्याने तो त्याच्या गुडघ्यांवर आदळतो. त्याला स्वतःचे वाजवणे ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान बधिर होतात. अँप खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा. बासचा अँप कोपऱ्यात ठेवू नये, कारण दोन भिंतींमुळे खालचे स्वर फुगतात.

फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरल्याने होणारी, शिट्टी येऊ लागली की गायक माइकची जाळी मुठीत धरतो, आणि त्याने शिट्टी वाढतेच, कारण माइकची एका दिशेने ऐकण्याची क्षमता त्यामुळे नष्ट होते. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरून ऐकणारा) थेट पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, तिथेच ठेवावा. गुळगुळीत लादी आणि गिलाव्याच्या भिंती असलेली रिकामी खोली साउंडचेकच्या वेळी जितकी घुमते, तितकी ती माणसांनी भरल्यावर घुमत नाही, म्हणून पहिल्या गाण्यानंतर एखाद्या विश्वासू मित्राला मागच्या भिंतीपाशी उभे करून कसे ऐकू येते ते विचारावे.

स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा प्रकार मी पाहिला आहे. असे कधीही करू नये. २३० व्होल्टच्या विजेवर बिघडलेला अँप, गिटारच्या तारांवरचा हात आणि माइकला टेकलेले ओठ यांतून जीव जाऊ शकतो. सगळी वाद्ये एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्यावीत, शोभेच्या दिव्यांची लाईन वेगळी ठेवावी आणि तरीही गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवरील (वाद्याची वायर मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे; ते फक्त ध्वनीच्या वायरमधला अर्थिंगचा जोड तोडते, विजेच्या प्लगचा नाही.

पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि दमट हवेतून वातानुकूलित खोलीत आणलेली गिटार सुरातून सरकते. म्हणून ती अर्धा तास आधी आत आणून, वाजवण्याच्या अगदी आधी पुन्हा सुरात लावावी.

राहिला वेळेचा प्रश्न. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि अंगणात किंवा गच्चीवर मैफल असेल तर हा नियम थेट लागू होतो. दोन बँड असतील तर दहापासून उलटे मोजून वाद्ये बदलण्याची वीस मिनिटे आधीच वजा करावीत आणि सर्वांत जिव्हाळ्याचे गाणे शेवटासाठी न राखता मध्यावर घ्यावे, म्हणजे उशीर झाला तरी ते वाजवायचे राहून जाणार नाही.