फायबरचा जॉइंट: या चुका टाळा

ग्राहकाच्या घरातल्या फायबर मोडेमवर (ओएनटी) सिग्नल तुटल्याचा, म्हणजे एलओएसचा, लाल दिवा लागला की पहिला संशय फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनवर जातो. मशीनचा दोष क्वचितच असतो. बिघाड बहुधा फायबर सोलताना, पुसताना किंवा नंतर बांधताना झालेला असतो.

सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, त्याभोवतीच्या काचेचा व्यास १२५ आणि कोटिंगसह २५०. तिथे धुळीचा एक कणही सिग्नल अडवायला पुरतो. म्हणून क्रम मोडू नका: आधी स्लीव्ह (जॉइंटवर चढवायची संरक्षक नळी) ओवायची, मग सोलायचं, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि शेवटी क्लीव्ह करायचं, म्हणजे टोक सरळ कापायचं. क्लीव्ह केल्यावर टोकाला काहीही लावू नका, टिश्यूसुद्धा नाही. पुष्कळ जण तेव्हाच "एकदा शेवटचं" पुसतात आणि स्वच्छ टोक खराब करतात. हँड सॅनिटायझर तर नकोच. त्यातलं पाणी आणि ग्लिसरीन काचेवर थर सोडतं. स्लीव्ह ओवायची राहिली, तर चांगला जमलेला जॉइंटही तोडावा लागतो. लूज ट्यूबमधली (केबलच्या आत फायबर असलेल्या नळीतली) जेली नीट निघाली नाही, तर ती क्लीव्हरला आणि मशीनच्या व्ही-ग्रूव्हला (फायबर बसवायच्या खाचेला) लागते आणि पुढचे सगळे जॉइंट बिघडवते.

कोकणात पावसाळ्यात काम असेल, तर जागेवर पोचल्यावर मशीनचं आर्क कॅलिब्रेशन (तिथल्या हवेनुसार ठिणगीची जुळवणी) कराच. एसी गाडीतून काढलेलं मशीन लगेच चालू करू नका, लेन्सवर बाष्प धरतं.

सोललेले तुकडे खाली पडू देऊ नका. ग्राहकाच्या घरात रांगणारं मूल असू शकतं, आणि त्वचेत घुसलेली ही काच दिसतही नाही. चिकटपट्टीवर गोळा करून झाकणाच्या डबीत टाका. हे काम कितीही घाई असली तरी टाळायचं नाही.

आता बांधणी. मला सर्वाधिक चीड येते ती करकचून आवळलेल्या झिप टायची. फायबरच्या जुडग्याला वेल्क्रो लावा, तोही बोटाने सरकेल इतकाच सैल. जॉइंट ठेवायच्या ट्रेमध्ये जी.६५२डी या साध्या फायबरची वळणं ३० मिमी त्रिज्येच्या आत नेऊ नका, जास्त वळण सहन करणारं जी.६५७ए२ साडेसात मिमीपर्यंत सोसतं, पण दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतील तर मोठ्या त्रिज्येचाच नियम पाळा. आणि केबलमधले पिवळे अरामिड धागे कापून फेकू नका, ते एन्क्लोजरच्या (जॉइंटच्या पेटीच्या) स्क्रूला बांधा. नाहीतर केबल ओढली की सगळा ताण काचेवर येतो.

लॉस (सिग्नलची घट) कुठे आहे हे शोधताना ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉसची जागा दाखवणारं यंत्र, १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर चालवा. एकाच जागी १५५० वर लॉस बराच जास्त दिसला, तर फायबर कुठेतरी जास्त वळलंय. जॉइंट तोडण्याआधी ट्रे उघडून वेटोळी सैल करा. दोन्हीवर सारखाच दिसला, तर जॉइंट किंवा कनेक्टर तपासा. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावरचा ०.०२ डीबी लॉस हा कॅमेऱ्याच्या चित्रावरून काढलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. ओटीडीआरवर एका बाजूने जॉइंटला "गेन" (सिग्नल वाढल्यासारखा) दिसला, तर खूश होऊ नका. दुसऱ्या बाजूनेही मोजा आणि सरासरी घ्या.

हिरवा एपीसी आणि निळा यूपीसी कनेक्टर अडॅप्टरमध्ये एकमेकांत बसतात, म्हणून चालतात असं समजू नका. एपीसीचं टोक ८ अंशांत तिरकं असतं. समोर यूपीसीचं सपाट टोक आलं की मध्ये फट राहते, लॉस वाढतो आणि टोकं घासली जातात. जोडण्याआधी दोन्ही टोकं पुसा. चालू लाइनमध्ये डोळा लावून पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.